मोठ्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर आबा म्हणाले, "सुट्टीत नाशिकला आलीस की गणिताचा क्लास लावू." तू म्हणालीस, "मला नाही पटत, आबा." मी लगेच दटावलं, "मोठ्यांशी असं बोलू नये." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "मराठीत मोठ्यांना नाही म्हणताच येत नाही का?" ते मला लागलं.

येतं गं. पण आमच्या लहानपणी ते थेट वडिलांकडे जात नसे. आधी आजीच्या कानावर घालायचं, ती भाकऱ्या थापत असताना. मग आबा जेवायला बसले की आजी विषय काढणार. तोही "असं केलं तर?" असा, "हे चूक आहे" म्हटलं की ते उलट उत्तर. आबा म्हणायचे, "बघू." बघू म्हणजे नाही, हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असायचं.

तरी त्यातून एक सवय लागली : बोलण्याआधी कारण तयार ठेवायचं. दिंडोरीच्या द्राक्षबागेत त्याची किंमत कळते. ऑक्टोबर छाटणीला सबकेनच्या, म्हणजे शेंडा खुडल्यावर काडीला फुटलेल्या फांदीच्या, गाठीजवळ एक-दोन डोळे (कोंब) राखून कात्री लावायची, ही जुन्यांची रीत. तरुण म्हणतात, आधी काड्या तपासून आणू. प्रयोगशाळेत डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, म्हणजे घड कितव्या डोळ्यात आहे ते कळतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होताना ऊन कमी पडलं, तर नेहमीच्या जागी घड नसूही शकतो. तिथे कापलं तर नुसता पाला फुटतो आणि ते वर्ष गेलं. अशा वेळी धाकट्याचं म्हणणं तो धाकटा आहे म्हणून बाजूला सारणं बागेला परवडत नाही. घराला परवडतं, असं मी इतकी वर्षं का धरून चाललो, कोण जाणे.

आता माझ्याकडून एवढं. ठरवून झाल्यावर "तुला काय वाटतं?" विचारायचं नाही, मुलांना ते लगेच कळतं आणि पुढच्या वेळी ती "काहीही चालेल" म्हणतात. तू बोलत असताना मध्ये तोडायचं नाही. ‘बघू’ बंद. "शनिवारी सांगतो" म्हणालो, तर शनिवारी सांगायचं, आणि नाही म्हणालो तर कारणासकट. केस, मैत्रिणी, शाळेतले विषय तुझे तू ठरव. तब्येत आणि रात्रीचं बाहेर राहणं मात्र अजून माझ्याकडे राहू दे. हे पटत नसेल, तर तेही सांग.

क्लासचं आबांना तूच सांग. "आबा, तुमचं कळलं, पण मला सुट्टीत चित्रं काढायचीत, कारण..." असं म्हण. आवाज चढवू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. मी शेजारी बसेन, पण मध्ये बोलणार नाही.

तुझा
बाबा