एक डॉक्टर म्हणतात शेक घ्या, दुसरे म्हणतात नको... मग ऐकायचं कुणाचं?

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन म्हणजे शेक घ्यायचा का, हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की आज लिहूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

आजी ७१ वर्षांच्या. गाठ लहान, तेवढीच काढलेली, काखेत काही नाही, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी गाठ). एका डॉक्टरांनी शेक सांगितला, दुसऱ्यांनी नको म्हटलं. पहिल्या दोन भेटींत मुलगीच बोलत होती, "आईने शेक घ्यायलाच पाहिजे, रिस्क कशाला?" आजी पदराशी चाळा करत गप्प.

मी कागदावर लिहून दाखवलं. ब्रिटनमधून प्राइम टू नावाचा अभ्यास झाला, ६५ च्या पुढच्या अशाच बायकांचा, सगळ्यांना हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या चालू होत्या, १० वर्षांचे निकाल २०२३ ला आले. शेक न घेतलेल्या शंभरातल्या नऊ-दहा जणींना त्याच स्तनात परत गाठ आली, घेतलेल्यांत जेमतेम एकीला. पण १० वर्षांनी हयात होत्या त्या दोन्हीकडे सारख्याच, शंभरातल्या ८१ च्या आसपास. म्हणजे दोन्ही डॉक्टर खरंच सांगत होते, एक गाठ परत येण्याबद्दल बोलत होते आणि दुसरे जगण्याबद्दल! (वय कमी असेल, काखेत पसरलं असेल तर हे गणित लावू नका प्लीज, तिथे शेकाचा फायदा मोठा असतो.)

तिसऱ्या भेटीत मुलीला बाहेर बसायला सांगितलं. पेशंट एकटा बोलल्याशिवाय निर्णय त्याचा होत नाही, हे माझं ठाम मत आहे, इतक्या वर्षांत ते बदललं नाही. मी विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" बराच वेळ शांतता. मी मधे बोलले नाही.

"शेक नको असं डॉक्टर म्हणाले तवा बरं वाटलं. पण मग ती गोळी पाच वर्षं रोज घ्यायची म्हणे."

मग बटव्यातून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. महिना संपत आलेला आणि अकरा गोळ्या तशाच. "पोरीला सांगू नका, पण रोजची गोळी माझ्याच्यानं होत नाही."

ती पट्टी बघून मला सगळं लख्ख दिसलं. शेक न घेण्याचा सल्ला गोळीच्या भरवशावर उभा होता आणि तो भरवसा या घरात नव्हता. फाईलमध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं!

आजींनीच डॉक्टरांना पट्टी दाखवली. शेक ठरला, तोही पाच दिवसांचा, २०२० च्या ब्रिटिश अभ्यासानंतर अशा केसेसमध्ये तसा देता येतो. मुलीला एकच आठवडा रजा लागली. गोळी सुटली नाहीच, ती दोन्ही रस्त्यांवर असते.

तुम्ही डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे विचारा, शेक घेतला तर परत येण्याची शक्यता किती, नाही घेतला तर किती, आणि दिवस किती लागतील. आणि गोळी रोज होत नसेल तर ते आधी सांगा, लाजू नका. आजींची मुलगी आता रात्री नऊला फोन करते, "आई, घेतलीस?"