तुमच्या घरातला एरिक

ह्या वेळचं पत्र इंग्लंडमधल्या स्विंडनहून आलंय. मूळ घर गोव्यातल्या फोंड्याकडचं, नवरा-बायको दोघंही शिफ्टवर, एकुलता एक मुलगा चौदा वर्षांचा. प्रश्न चार विचारलेत पण मी एकालाच धरून बसणार आहे, बाकीच्यांना शेवटी दोन-दोन ओळी. नेहमी वाचणाऱ्यांना माझी खोड माहीत आहेच, दार उघडं ठेवायचा विषय निघाला की मला आवरत नाही.

आधी तिचंच वाचा.

"मावशी, आमच्याकडे ह्यांचा नियम आहे, घरात आपली भाषा, आपलं जेवण, आपला देव, आणि बाहेर त्यातलं काहीच दाखवायचं नाही. मुलगा शाळेत सॅम. मित्रांना घरी आणायचं नाही. गणपतीच्या चवथीला पडदे ओढून आरती. आता त्याने शाळेत निबंध लिहिला की माझं घर म्हणजे वाकांडा. टीचरला खूप आवडला. मला वाटलं हे चिडतील, तर उलट खूश. म्हणाले, बरोबर लिहिलंय, वाकांडा लपून होता तोवर सुखी होता, दारं उघडली आणि वाट लागली. आपल्या पूर्वजांनी पण देव लपवले म्हणून वाचले. मला काही सुचत नाही, कोणाचं बरोबर?"

ज्यांच्या घरात टीनएजर नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वाकांडा म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला आफ्रिकेतला काल्पनिक देश, ब्लॅक पँथरचं घर. स्टॅन ली आणि जॅक कर्बीने १९६६ मध्ये तो पहिल्यांदा आणला आणि २०१८ च्या सिनेमाने घराघरात पोचवला. जमिनीत व्हायब्रेनियम नावाचा धातू, त्याच्या जोरावर जगाच्या कितीतरी पुढे गेलेलं शहर, आणि जगाला मात्र दाखवायचं की आम्ही बापडे गरीब शेतकरी आणि मेंढपाळ. नातू सुट्टीत येतो तेव्हा रिमोट त्याच्याकडे असतो, त्यामुळे दोन्ही भाग माझे पाहून झालेत, आणि नुसते एकदा नाहीत.

तर बाय, तुझ्या मिस्टरांची भीती खोटी नाही हे मी आधी सांगते. वाकांडाची पण खोटी नव्हती. आजूबाजूचे देश लुटले जातायत, माणसं जहाजात भरून नेतायत, हे बघून कुठला राजा दार उघडेल? आणि २०२२ च्या दुसऱ्या भागात, दारं उघडल्यानंतर, मालीमधल्या वाकांडाच्या केंद्रावर व्हायब्रेनियमसाठी हत्यारबंद माणसं चालून येतातच की. म्हणजे मिस्टरांनी सिनेमा नीट बघितलाय, फक्त निम्मा. तू लिहिलंयस की बसस्टॉपवर त्यांना कोणीतरी 'गो होम' म्हणालं आणि त्यानंतर हे पडदे सुरू झाले. अशा माणसाला मी भाषण देणार नाही. परक्या देशात रात्रीच्या शिफ्टहून एकट्याने चालत येताना पाठीमागे पावलं वाजली की काय होतं ते तुम्हा-आम्हा सगळ्यांना माहीत आहे, ते ज्याच्या वाट्याला आलं त्याने दोन कड्या जास्त लावल्या तर त्याला हसायचं नसतं.

पण त्यांचा हिशेब मला पटत नाही. वाकांडाकडे लपवायला धातू होता. धातू खणून नेला की मागे खड्डा राहतो, हे आम्हा गोंयकारांना कोणी शिकवायला नको, डिचोली-सांग्याकडचे खाणींचे खड्डे बघून या, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तरी खड्डे आहेत तिथेच आहेत. जमीन, डोंगर, खाण, ह्यांना खुशाल कुंपण घाला, मी स्वतः मोर्चाला येईन, आमच्या इथे रोज एक डोंगर कापतायत आणि त्यावर बोलायला बसले तर हे पान पुरणार नाही. पण तुझ्या घरात लपवलेलं काय आहे गो? आरती, खतखतं, नेवऱ्या आणि बोलणं. शेजारच्या गोऱ्याने आरती ऐकली म्हणून तुझ्याकडची एक ओळ कमी झाली का? आमचं घुमट हे मातीचं वाद्य बघ, तेच आरतीला वाजतं आणि तेच किरिस्तांवांच्या मांडो गाण्यांना, दोघांकडे वाजूनही कोणाचं झिजलं नाही. घरी कोंकणी, कीर्तनाला आणि नाटकाला मराठी, बाजारात समोरचा बोलेल ती, अशी आपण माणसं, आणि दारात एक इंग्लिश पोरगा आला की पडदे ओढतो!

आणि देव लपवले म्हणून वाचले, हे खरं आहे पण अर्धंच. १५६० मध्ये मंगेशाचं लिंग कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला नेलं. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. तुमचा फोंडाच हा, मी काय सांगणार. पण लपवले कुठे ते बघा. बापाच्या खाटेखाली नाही लपवले, नदीपलीकडे अंत्रुजात म्हणजे आजच्या फोंड्यात नेले, तिथे तेव्हा पोर्तुगीज नव्हते, आदिलशाही होती. तिथल्या गावांनी परक्या गावच्या देवांना जागा दिली म्हणून देव राहिले. लपायलासुद्धा दुसऱ्या कोणाचं तरी दार उघडं लागतं हो! आणि पुढे शाहू महाराजांच्या काळात, १७३८ मध्ये, कवळ्याला चांगलं देऊळ बांधलं, आज तिथे तळी आहे, दीपस्तंभ आहे, जत्रेला पाय ठेवायला जागा नसते. मिस्टरांनी जो इतिहास काढला त्यात लपणं अडचणीपुरतं होतं, कायमचा कुळाचार नव्हता.

आता सिनेमाचा राहिलेला निम्मा भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

१९९२ साल, अमेरिकेतलं ओकलंड. वाकांडाच्या राजाचा सख्खा भाऊ तिथे गुप्तहेर म्हणून राहिलेला, संसार तिथेच झालेला, मुलगा तिथेच जन्मलेला, नाव एरिक. भावाने व्हायब्रेनियम चोरायला मदत केली म्हणून राजा जाब विचारायला येतो, झटापटीत भाऊ राजाच्या हातून मरतो, आणि देशाचं गुपित फुटू नये म्हणून राजा त्या लहान पोराला तिथेच टाकून निघून जातो. गुपित सांभाळलं आणि घरचं पोरगं टाकलं! बापाने त्याला वाकांडाच्या संध्याकाळी किती सुंदर असतात ते सांगून ठेवलेलं, पण बघायला कोणी नेलं नाही. तोच मोठा होऊन किलमाँगर म्हणून सिंहासन मागायला येतो आणि अख्खा देश आपसात लढायला लावतो. त्या सिनेमात वाकांडा कोणी हलवलं? बाहेरच्या सैन्याने नाही. बाहेर वाढलेल्या आपल्याच मुलाने, ज्याला गोष्टी सगळ्या दिल्या आणि जागा दिली नाही. नवा राजा टिचाला शेवटी स्वर्गातल्या बाप-आजोबांपुढे उभा राहून ओरडतो की तुमचं चुकलं, तेव्हा आमच्या नातवाने पॉज करून मला विचारलेलं, आजी, मोठ्यांवर असं ओरडलेलं चालतं? मी म्हटलं, एवढ्या एका वेळी चालतं.

(त्या वाकांडाच्या आतच परत डोंगरावर जबारी म्हणून एक टोळी आहे, जी वाकांडाशीच धड बोलत नाही. मंडळाच्या कमिटीवर बसलेल्यांना ती ओळखीची वाटेल.)

आणि तू काय केलंस माहिताय? चार पानांच्या पत्रात अगदी खाली ता.क. घालून लिहिलंस, "हल्ली तो गोव्याला यायलाच नको म्हणतो. म्हणतो तिथे मी पाहुणा, इथे सॅम." अगो बाय, हे पत्राच्या डोक्यावर लिहायचं होतंस! कोणाचं बरोबर, बापाचं की टीचरचं, हे विचारत बसलीस आणि खरा प्रश्न ता.क.मध्ये. तुम्हा दोघांना निबंधाचं कौतुक वाटलं, ठीक आहे, पण परत एकदा वाच आणि त्या वाकांडात त्याने स्वतःला कुठे ठेवलंय ते बघ. राजाच्या जागी ठेवलं असेल तर मला कळव, मी माझे शब्द मागे घेईन. मला तरी वाटतं तो दाराबाहेर उभा आहे.

माझ्या धाकट्या दिरांचं घर असंच होतं, लंडनच्या बाजूला. घरात सगळं कडक, रामरक्षा पाठ, सोवळं-ओवळं पाठ, बाहेर कोणाला पत्ता नाही. पुतण्या कॉलेजला जायच्या आधी पहिल्यांदा कवळ्याच्या जत्रेला आला. पाठांतर माझ्या मुलांपेक्षा चांगलं, पण चार लोकांत कधी तोंडच उघडलेलं नाही, त्यामुळे बोलायला गेला की सगळं अडायचं, आणि चुलतभावंडं हसली, पोरंच ती. कोणाच्या पाया पडायचं, कुठे बसायचं, काही सांगितलं नाही कारण आम्हाला वाटलं माहीत असेल आणि त्याला वाटलं विचारलं तर हसतील. दोन दिवस बागा बीचवर काढले आणि तिकीट अलीकडे घेऊन परत गेला. आता स्वतः बाप झालाय, सुट्टीला लिस्बनला जातो, गोव्याला नाही. दीर अजून सांगतात, आम्ही घरात सगळं सांभाळलं. सांभाळलं हो, पण कोणासाठी?

आणि आमचं मस्कतचं घर. आम्ही फार हुशार होतो असं नाही, जागाच एवढी लहान होती की आरती म्हटली की मजल्याभर ऐकू जायची, मग बोलवायलाच लागले सगळ्यांना. माटोळी म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगून केलेलं छत, तिला तिथे रानातली कांगलां कुठली आणि घागऱ्यो कुठल्या, पडद्याच्या दांड्याला केळी, संत्री, डाळिंबं आणि दोडकी बांधायचो. शेजारी त्रिशूरचं कुटुंब, वरच्या मजल्यावर एक फिलिपिनो नर्स. ती नर्स माझ्या मुलीला विचारत सुटली, हे फळ का, ते का, उलटं का टांगलं. मला एक प्रश्न न विचारणारी माझी मुलगी, तिने आजीला पत्र टाकलं की मला खऱ्या माटोळीतल्या सगळ्या वस्तूंची नावं पाठव. आजीने पाठपोट कागद भरून यादी पाठवली, आंबाडे, तोरिंग, चिबूड, सुपारीची शिपटी, काय काय. ती यादी अजून मुलीकडे आहे, टोरांटोला. दुसऱ्याला सांगायची वेळ आली ना, की आधी आपल्याला कळून घ्यावं लागतं. पडदे ओढून केलेल्या आरतीत कोण कोणाला काय विचारणार? तुझ्या मुलाला गेल्या चौदा वर्षांत एकाने तरी विचारलंय का की तुमच्या गणपतीवर हे छत कसलं?

म्हणून ह्या चवथीला दोन मित्र बोलाव. पूर्ण वर्ग नको, मंडळ नको, दोनच, त्याने निवडलेले. माटोळी बांधताना त्याला स्टुलावर चढव आणि मित्रांना खालून वस्तू द्यायला लाव. ते विचारतील, त्याला उत्तर देऊ दे, चुकला तर तुम्ही दोघं मध्ये पडू नका, मिस्टरांना स्वयंपाकघरात नेवऱ्या तळायला बसव हवं तर. त्यांना एवढंच सांग की टिचालाने पण आधी यूएनमध्ये भाषण नाही ठोकलं. पहिलं केंद्र त्याने ओकलंडला काढलं, त्याच बिल्डिंगमध्ये जिथे एरिकला टाकलेलं, यूएनचं व्हिएन्नातलं भाषण नंतर. त्यांनी सगळ्या स्विंडनला जेवायला घालावं असं मी म्हणत नाहीये, बसस्टॉपवरच्या त्या माणसाला तर मुळीच नाही.

आणि गोव्याला आणाल तेव्हा पाहुण्यासारखं सोफ्यावर बसवू नका. माटोळीच्या बाजाराला आजोबांबरोबर पिशवी घेऊन पाठव, घासाघीस ऐकू दे. त्याच्या चुलतभावंडांच्या आयांना आधी फोन कर की उच्चारांवरून कोणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे. हा फोन तूच करायचा, मिस्टरांवर सोडू नको, बाप्ये असल्या गोष्टी 'बघू' म्हणून विसरतात. शाळेत सॅम राहू दे, त्याचं त्याला ठरवू दे, मोठा होत आलाय.

आता बाकीचे तीन.

मुलगा हुमण म्हणजे माशांची आमटी खात नाही. तळलेला बांगडा खातो असं तूच लिहिलंयस, मग रडतेस कशाला?

ओसीआयचं, म्हणजे परदेशी पासपोर्टवाल्या भारतीयांच्या कार्डाचं, हायकमिशनच्या वेबसाइटवर वाच, व्हॉट्सॲपवर नाही, आणि तुमचं पोर्तुगीज पासपोर्टचं प्रकरण मध्ये असल्यामुळे वकिलाला दाखव. गावच्या एजंटला तोंडी शब्दावर पैसे देऊ नका.

सासूबाईंना डिसेंबरमध्ये बोलावू का? नको, गुडघे धरतील त्यांचे. मे महिन्यात बोलाव म्हटलं तर त्या म्हणणार आंबे टाकून मी येत नाही, तेव्हा तिकीट जूनचं काढ. स्वेटर मात्र तूच घेऊन ठेव, त्या जूनमध्ये कसली थंडी म्हणून इथून एकही आणणार नाहीत.