‘पेशंट पुन्हा प्यायला की मला त्याचाच राग येतो’

व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारी माणसं समुपदेशनाला येतात तेव्हा बराच वेळ पेशंटबद्दलच बोलतात. स्वतःकडे यायला त्यांना वेळ लागतो. मग एक वाक्य येतं आणि ते थोड्याफार फरकाने सारखंच असतं : ‘पूर्वी कुणी परत पिऊन आला की वाईट वाटायचं. आता राग येतो. मी या कामाच्या लायकीचा उरलो नाही का?’

ही हकिकत अशाच एका समुपदेशकाची. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचे तपशील तिच्यात मिसळले आहेत. केंद्रात सगळे त्यांना दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. तालुक्याच्या गावातलं तीस खाटांचं केंद्र. दादा स्वतः दारूतून बाहेर पडलेले. नऊ वर्षं थेंब नाही, त्यातली सहा वर्षं याच केंद्रात नोकरी. महाराष्ट्रात यात नवल काही नाही. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ साली सुरू झालं, तिथेही बरे झालेले कितीतरी रुग्ण पुढे कार्यकर्ते झाले. ‘मीही इथेच पडलो होतो’ असं म्हणणाऱ्याच्या शब्दाला वॉर्डात वेगळं वजन असतं.

दादांना धक्का बसला तो फायली चाळताना. ‘इनसाइट कमी. समुपदेशन केले.’ इनसाइट म्हणजे आपल्याला व्यसन आहे याची पेशंटला असलेली जाण. महिनाभरात अकरा जणांच्या केस पेपरवर हीच ओळ, त्यांच्याच अक्षरात. अकरा वेगळी घरं, अकरा वेगळी दुखणी, आणि लिहिलेलं एकच. त्यातला एक जण डिस्चार्जनंतर आठव्या दिवशी पिऊन दारात उभा राहिला, तेव्हा दादा सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

मनोविकारतज्ज्ञांच्या जगात ‘बर्नआउट’ हा शब्द रुळवला तो हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ साली. तो त्यांना सुचला न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांकडे बघून, आणि त्या दवाखान्यात नशेच्या आहारी गेलेली मुलं मोठ्या संख्येने येत. म्हणजे या अवस्थेचं वर्णन मुळात आपल्याच क्षेत्रातलं आहे. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी तिची तीन अंगं सांगितली : मन आटून जाणं, समोरचा माणूस न राहता ‘केस’ होणं, आणि आपल्या हातून काही घडत नाही असं वाटणं. दादांची अकरा वेळा लिहिलेली ओळ म्हणजे यातलं दुसरं अंग. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणते. आम्हाला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण मग दादांचा स्वभाव तपासण्याआधी त्यांचं काम तपासावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही. फक्त आठवडाभराची नोंद करायला सांगितली : ड्युटीचे तास, झोप, आणि रात्री दहानंतर आलेला प्रत्येक फोन. नोंद अशी आली. चौऱ्याहत्तर तास काम. तीन रात्रपाळ्या, त्यातल्या दोन सलग, आणि दुसरीनंतर सकाळी दहाला गटसत्र. रात्रीचे फोन एकोणीस, खरी निकड दोनच फोनांना. उरलेले ‘तुम्ही त्याला जरा समजवा ना’ या जातीचे. साप्ताहिक सुट्टीपुढे ‘सेवा’ असं लिहिलं होतं.

या शब्दापाशी थांबावं लागलं. सेवा हा आपल्याकडे मोठा शब्द आहे आणि या कामात तो खराही आहे. पण जादा पाळी मागताना संस्था तो वापरू लागली की कार्यकर्त्याला नाही म्हणता येत नाही. बऱ्या झालेल्या माणसाला तर मुळीच नाही. ‘या जागेने मला जीव दिला’ हे ओझं त्याच्या डोक्यावर आधीच असतं.

फोनचा प्रश्न सर्वांत आधी सुटला. दादांचा खासगी नंबर घरच्यांना देणं बंद झालं. केंद्राचा एकच मोबाइल, रात्री तो ज्याची पाळी त्याच्याकडे, आणि फोनच्या कव्हरमागे चार प्रश्नांची चिठ्ठी : शेवटची दारू कधी घेतली? फिट आली का? नसलेली माणसं दिसतात, बडबड चालू आहे का? जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आहे का? पहिला प्रश्न उगाच नाही. दारू अचानक तुटली की फिट साधारण ६ ते ४८ तासांत येते, भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. पुढच्या तिन्हींपैकी एकालाही ‘हो’ आलं तर १०८ बोलवायची आणि रुग्णालय गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. घरात मारहाण चालू असेल तर ११२. बाकी सगळ्यांना एकच उत्तर : ‘पिलेल्या माणसाशी आत्ता वाद घालू नका, उद्या दहाला मी फोन करतो.’ आणि दहाला फोन करायचाच. तो चुकला की रात्रीचे फोन पुन्हा वाढतात.

मग पाळ्या. रात्रपाळीनंतर चोवीस तास सुट्टी, बारा तासांपेक्षा मोठी पाळी नाही. पाळी बदलताना वीस मिनिटं दोघांनी एकत्र बसायचं. औषधं, उलट्या, झोप हे वहीत लिहिलेलं असतंच, त्यापुढे एक रकाना वाढवला : ‘आज कोण गप्प होता?’ निघून जाण्याच्या विचारात असलेला पेशंट बहुधा याच रकान्यात आधी सापडतो.

दादांचं खरं दुखणं मात्र तिसऱ्या भेटीत निघालं. दारू सोडलेली माणसं एकत्र बसून एकमेकांपाशी मन मोकळं करतात, त्याला मीटिंग म्हणतात. ‘तुमची स्वतःची मीटिंग कधी असते?’ या प्रश्नावर ते म्हणाले, ‘रोजच असते की, वॉर्डात मीच घेतो.’ बरे झालेले कर्मचारी इथेच फसतात. वॉर्डातल्या मीटिंगमध्ये तुम्ही ‘सर’ असता. तिथे ‘काल मला प्यावंसं वाटलं’ हे वाक्य तुम्ही उच्चारू शकत नाही. महिन्यामागून महिने ते कुठेच उच्चारलं जात नाही आणि नऊ वर्षांचा आकडा तोंडावरचं झाकण होऊन बसतो. पेशंटच्या स्लिपचा, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिण्याचा, राग येण्यामागे पुष्कळदा स्वतःच्या स्लिपची भीती असते. दादांनी ती कबूल केली, खाली बघत, अगदी हळू आवाजात.

त्यावर ठरलं ते असं. आठवड्याला दोन मीटिंगा, शेजारच्या तालुक्यात, जिथे त्यांना समुपदेशक म्हणून कुणी ओळखत नाही. स्पॉन्सर, म्हणजे दारू सोडलेला जुना सोबती ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं, तो केंद्राबाहेरचा. औषधांच्या कपाटाला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे, आणि हा नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे तो संशय ठरत नाही. शिवाय संस्थेने एक पान लिहून काढलं : कर्मचाऱ्याची स्लिप झाली तर त्याच दिवशी सांगायचं, रुग्णांपासून दूर व्हायचं, उपचार घ्यायचे, आणि सांगितलं म्हणून नोकरी जाणार नाही. विश्वस्तांना शेवटची अट जड गेली. पण नोकरी जाणार असेल तर कुणी सांगणार नाही, लपवलेल्या स्लिपवरच वॉर्ड चालत राहील आणि त्याची झळ पेशंटला बसेल.

राहिला मूळ राग. पंधरा दिवसांतून एकदा दीड तासाची बैठक सुरू झाली, सहा ते आठ जणांची, बाहेरच्या समुपदेशकासोबत. पगार ठरवणारं कुणी तिथे नसतं. एकाने दहा मिनिटं एका पेशंटबद्दल बोलायचं. मग त्याने गप्प बसायचं आणि इतरांनी सांगायचं, ऐकताना मनात काय आलं. सल्ला शेवटी, तोही मागितला तर. पहिल्या दोन बैठका फसल्या, कारण सगळे उपदेशाची सवय लागलेले. तिसऱ्या बैठकीत दादांनी त्या आठव्या दिवशी परत आलेल्याची गोष्ट मांडली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘तो आधी गेटपर्यंत येऊन दोनदा परत गेला होता. मी बघितलं.’ हे दादांना माहीतच नव्हतं. पिऊन का होईना, माणूस मदतीच्याच दारात आला होता. पुढच्या भेटीत दादांनी त्याची माफी मागितली. त्याच्या केस पेपरवर आता सहा ओळी आहेत.

अडचणी उरल्या आहेतच. गटारी अमावस्येच्या मागेपुढे भरती वाढते, पोळा आणि ३१ डिसेंबरलाही तेच. नेमकी तेव्हा सगळ्यांची सुट्टी रद्द व्हायची. यंदा गटारीआधीच प्रत्येकाची त्या पंधरवड्यातली एक सुट्टी फलकावर लिहिली गेली. रात्रीचा जादा माणूस ठेवायला पैसे नव्हते, म्हणून त्या काळात सहा खाटा रिकाम्या ठेवल्या आणि आलेल्यांना जिल्हा रुग्णालयाकडे पाठवलं. दारातून माणूस परत पाठवणं दादांना अजून सहन होत नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी हाच विषय मागून घेतला आहे.