वाचकांचे प्रश्न : प्लेटोचा न्याय आणि आपले चातुर्वर्ण्य

प्रश्न : ‘प्रत्येकाने आपापले काम करावे, दुसऱ्याच्या कामात लुडबूड करू नये, हाच न्याय’ असे प्लेटोने म्हटल्याचे नुकतेच वाचनात आले. यात न्याय कुठे आला? हे तर सरळसरळ आपल्या चातुर्वर्ण्याचे समर्थन झाले. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांना न्याय म्हणजे नेमके काय अभिप्रेत होते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दिलेला विचार प्लेटोचाच आहे; ‘रिपब्लिक’ या संवादाच्या चौथ्या भागात तो येतो. मात्र तिथवर पोहोचेपर्यंत तीन भाग वादात गेलेले असतात आणि तो वाद बाजूला ठेवून नुसती व्याख्या उचलली, की ती ‘मुकाट्याने आपल्या पायरीवर राहा’ अशीच ऐकू येते.

संवाद घडतो पिरीअस या अथेन्सच्या बंदरात, पोलेमार्कसच्या घरी. त्याचे वृद्ध, सधन वडील सेफॅलस यांच्या मते खरे बोलणे आणि ज्याचे त्याला परत करणे म्हणजे न्याय. त्यावर सॉक्रेटिस विचारतो, की मित्राने शुद्धीत असताना शस्त्रे ठेवायला दिली आणि वेड लागल्यावर ती परत मागितली, तर द्यावीत काय? देऊ नयेत, हे सर्वांनाच मान्य करावे लागते आणि ती व्याख्या तिथेच ढासळते. पोलेमार्कस ‘मित्राचे भले व शत्रूचे वाईट करणे’ असा पर्याय सुचवतो. परंतु कोणाचेही वाईट करणे हे न्यायी माणसाचे काम असू शकत नाही, असे सॉक्रेटिस त्याच्याकडून वदवून घेतो. इतका वेळ कसाबसा गप्प बसलेला थ्रॅसिमेकस मग उसळून म्हणतो, की न्याय म्हणजे बलवानांचे हित. जो सत्तेवर असतो तो स्वतःच्या सोयीचे कायदे करतो आणि त्यांनाच न्याय हे नाव देतो.

हे विधान अथेन्समधील तत्कालीन वाचकाला केवळ वादाच्या भरात केलेले वाटले नसणार. इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जणांच्या जुलमी मंडळाने नगर ताब्यात घेतले आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या श्रीमंत रहिवाशांची संपत्ती लुबाडली, त्यात याच पोलेमार्कसचा बळी गेला. त्याचा भाऊ लिसियस निसटला व पुढे त्याने न्यायालयात केलेल्या भाषणात ती हकिकत तपशीलवार सांगितली. घरातून सातशे ढाली नेल्या गेल्या, पोलेमार्कसच्या पत्नीच्या कानांतील सोन्याची कुंडले ओढून काढली गेली, आरोप काय हेही न सांगता त्याला विषाचा पेला प्यायला लावला गेला. कुटुंबाची तीन घरे असूनही अंत्ययात्रा त्यांपैकी एकातूनही निघू दिली नाही. त्यासाठी एक झोपडी भाड्याने घ्यावी लागली, आणि प्रेतासाठी कोणी वस्त्र दिले तर कोणी उशी. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईच्या नात्यातला होता. न्यायाची चर्चा प्लेटोने नेमकी याच घरात का घडवून आणली, याबद्दल मला तरी फारसे कोडे पडत नाही.

थ्रॅसिमेकस हरतो, पण प्लेटोचा भाऊ ग्लॉकन याचे समाधान होत नाही. तो लिडियातील एका धनगराची गोष्ट सांगतो. भूकंपाने जमीन दुभंगली, त्या भेगेत उतरल्यावर त्याला एका प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी सापडली, आणि तिचे कोंदण तळव्याच्या बाजूला फिरवले की आपण अदृश्य होतो हे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्याने राणीला वश केले, राजाला ठार मारले आणि राज्य बळकावले. ग्लॉकनचा सवाल असा, की ही अंगठी न्यायी आणि अन्यायी अशा दोघांनाही दिली तर दोघांच्या वागण्यात फरक राहील काय? लोक न्यायाने वागतात ते केवळ नाइलाजाने. अन्याय करून शिक्षा चुकवणे हे सर्वांत चांगले व अन्याय सोसून सूड घेता न येणे हे सर्वांत वाईट, या दोहोंमधील तडजोड म्हणजे न्याय, असे त्याचे म्हणणे आहे.

आपण वाचलेली व्याख्या हे या प्रश्नाचे उत्तर आहे. माणसाच्या आत्म्यात विवेक, तेज आणि वासना असे तीन भाग असतात, असे प्लेटो मानतो. विवेकाने राज्य करावे, तेजाने त्याला साथ द्यावी आणि वासनांनी मर्यादेत राहावे; प्रत्येक भाग आपले काम करत असेल तर तो माणूस न्यायी होय. राज्यकर्ते, रक्षक आणि उत्पादक अशा तीन वर्गांचे नगर तो उभे करतो ते मुख्यतः अशासाठी, की एका माणसातील न्याय बारीक असल्यामुळे दिसत नाही, तो नगराएवढा मोठा करून पाहावा. म्हणून अंगठीवाला धनगर राजवाडा मिळवूनही प्लेटोच्या लेखी हरलेलाच असतो, कारण त्याच्या स्वतःच्या आत वासनेची हुकूमशाही असते. नवव्या भागात जुलमी सत्ताधीश हाच सर्वांत दुःखी माणूस ठरतो, तोही याच न्यायाने.

आता चातुर्वर्ण्य. प्लेटोचे वर्ग जन्मावर कायमचे ठरत नाहीत. देवाने कोणात सोने, कोणात रुपे, तर कोणात लोखंड व पितळ मिसळले आहे, अशी एक कथा नागरिकांना सांगावी, असे तो सुचवतो. पण सोन्याच्या आईबापांपोटी पितळेचे मूल निपजले तर त्याला खाली उतरवावे आणि उलट घडले तर वर चढवावे, हेही त्याच कथेत आहे. स्त्रियांनाही राज्यकर्त्या वर्गात स्थान आहे. शिवाय राज्यकर्त्यांना व रक्षकांना खासगी मालमत्ता आणि स्वतःचे कुटुंब ठेवण्याची मुभा नाही. वरच्या पायरीवर चढणाऱ्याच्या हाती भोग नव्हे तर बंधने येतात, ही गोष्ट आपल्या व्यवस्थेत शोधून सापडणार नाही.

तरीही आपली शंका निराधार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात चातुर्वर्ण्य आणि प्लेटोची कल्पना यांतील जवळीक नेमकी दाखवली आहे. माणसे मोजक्या ठळक गटांत कोंबणे म्हणजे माणसाकडे व त्याच्या शक्तींकडे अत्यंत वरवर पाहणे होय, हा त्यांचा आक्षेप होता. त्याला धातूंच्या कथेने उत्तर मिळत नाही, कारण गट जन्माने ठरले काय किंवा परीक्षेने ठरले काय, एका माणसात एकच गुण प्रधान असतो हे गृहीतक तसेच राहते. माझ्या मते प्लेटोची व्याख्या व्यक्तीबद्दल बरेच काही सांगते, परंतु समाजाला ती तशीच लावताना तोल जातो.

प्रश्न : ॲरिस्टॉटलचा न्याय याहून वेगळा आहे काय? ‘समानांना समान’ हे त्याचेच ना?
– एक वाचक, पणजी

उत्तर : होय, आणि तो बराच वेगळा आहे. ‘निकोमेकियन एथिक्स’च्या पाचव्या भागात तो प्रथम मान्य करतो, की व्यापक अर्थाने न्याय म्हणजे इतरांशी वागताना दिसणारा संपूर्ण सद्गुण, पण त्याला खरा रस आहे तो वाट्याच्या प्रश्नात. मानसन्मान किंवा पैसा वाटायचा असेल तर तो योग्यतेच्या प्रमाणात वाटावा. सर्वांत चांगली बासरी श्रीमंताला किंवा कुलीनाला नव्हे, सर्वांत चांगल्या वादकाला द्यावी, असे तो ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणतो. योग्यता कशाला म्हणायचे यावरच भांडण होते, हेही तो लपवत नाही: लोकशाहीवादी स्वातंत्र्य पुढे करतात, धनिक संपत्ती, तर कोणी सद्गुण. नुकसानभरपाईच्या वेळी मात्र योग्यता पाहायचीच नाही. सज्जनाने दुर्जनाला फसवले काय किंवा दुर्जनाने सज्जनाला फसवले काय, न्यायाधीशाने दोघांना समान धरून फक्त हानी भरून काढावी.

याच भागातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा विचार म्हणजे कायदा सर्वसाधारण भाषेत लिहिलेला असल्यामुळे तो कुठे ना कुठे तोकडा पडतोच. तिथे मूळ कायदेकर्ता समोर असता तर त्याने काय ठरवले असते, हे पाहून निर्णय करावा. लेस्बोस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरत, ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. तसा हा निर्णय असतो. याच तत्त्वज्ञाने काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असेही लिहिले, आणि त्या जागी त्याची मोजपट्टी मुळीच वाकलेली नाही.

प्रश्न : न्याय हा केवळ माणसांमधील करार आहे, असे मानणारा कोणी ग्रीक तत्त्वज्ञ होता काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : होता. वर आलेला ग्लॉकन ते मत मांडतो, पण स्वतःचे म्हणून नव्हे. एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) मात्र ते उघड स्वीकारतो: न्याय स्वतंत्रपणे अस्तित्वात असलेली वस्तू नसून एकमेकांना इजा करायची नाही आणि होऊ द्यायची नाही, असा तो करार आहे. यातून तो एक रोखठोक निष्कर्ष काढतो. परिस्थिती बदलल्यामुळे एखादा कायदा परस्परांच्या व्यवहारात उपयोगी पडेनासा झाला, तर जितके दिवस तो उपयोगी होता तितके दिवस तो न्याय्य होता, त्यानंतर नाही.