हायडेलबर्गला पीएचडीला यायचं तर आधी लॅब बघ

तू लिहिलं आहेस की पुण्यात एम.एस्सी. संपत आली आहे, कॅन्सरच्या पेशींवर काम करायचं आहे आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या एका लॅबकडून मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. घरचे म्हणतात, नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनवृत्तीची परीक्षा, काढ आणि पीएचडी इथेच, भारतात कर. मला विचारशील तर जरूर ये. पण हायडेलबर्ग हे नाव बघून येऊ नकोस, त्या लॅबमध्ये कोण आहे आणि तिथली मुलं पुढे कुठे गेली, हे बघून ये. आणि नेट दे, त्यात काही वाया जात नाही. जेआरएफला 37,000 रुपये महिना मिळतात आणि एनसीसीएस, आयसर या संशोधन संस्था तुझ्या दारातच आहेत. हाताशी तो पर्याय असला की इकडच्या ऑफरला 'हो' म्हणण्याआधी चार प्रश्न विचारायची हिंमत येते.

आता गावाबद्दल. डीकेएफझेड, म्हणजे जर्मनीचं राष्ट्रीय कर्करोग संशोधन केंद्र, नॉयएनहायमर फेल्डमध्ये विद्यापीठाच्या हॉस्पिटलांना लागूनच आहे. ईएमबीएल, म्हणजे युरोपची रेणवीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा, गावाबाहेर टेकडीवर, झाडीत आहे. तू कॉलेजात हेला पेशी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेऊन लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, वाढवल्या असशीलच. त्यांच्या डीएनएमध्ये एचपीव्ही-18 हा विषाणू दडलेला आहे, हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने ऐंशीच्या दशकात दाखवलं. त्यांनी 1983 पासून वीस वर्षं डीकेएफझेड चालवलं आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे विषाणू असतो हे सिद्ध केल्याबद्दल 2008 चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडे बायकांमध्ये हा आजार किती आहे ते तुला सांगायला नको. आज मुलींना जी लस देतात, तिची मुळं या कामात आहेत.

अलीकडचं उदाहरण माझ्या जास्त जवळचं आहे. मेंदूच्या गाठीच्या डीएनएवर मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, कुठे-कुठे बसल्यात ते वाचून गाठ नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे ठरवायची पद्धत इथल्या लोकांनी 2018 मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. ज्या नव्या रुग्णांवर ती लावून पाहिली, त्यातल्या जवळपास 12 टक्के जणांचं मायक्रोस्कोपखाली केलेलं निदान बदललं. निदान बदललं की उपचार बदलू शकतात. लॅब आणि वॉर्ड एकाच आवारात असल्याचा फायदा तो हा. म्हणून मुलाखतीत पहिलं हे विचार: पेशंटचे नमुने तुमच्यापर्यंत येतात का, की सगळं काम सेल लाइनवरच, म्हणजे लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशींवरच चालतं? दोन्ही प्रकारचं काम चांगलं असू शकतं, पण पुढची चार वर्षं आपण काय करणार हे तुला आधी माहीत हवं.

पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, काय म्हणतात ते ऐकच, पण लॅब सोडून गेलेल्या दोघा-तिघांना आपणहून मेल कर. पीएचडीला किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं आलं, प्रोजेक्ट मध्येच दुसऱ्याला दिला का, हे सरळ विचार. इथे लोक असं विचारल्याचा राग मानत नाहीत. लॅब दाखवतील तेव्हा कल्चर रूम, म्हणजे पेशी वाढवायची खोली, नीट बघ. वाढवलेल्या पेशींत शिरणारा मायकोप्लाझ्मा हा जीवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिनला तो दाद देत नाही. माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त आकडे हळूहळू खोटे यायला लागतात. चांगल्या लॅबमध्ये पीसीआरने, म्हणजे त्याचा डीएनए शोधून, नियमित तपासणी होते आणि तारखा इन्क्युबेटरवर चिकटवलेल्या असतात. 'शेवटची टेस्ट कधी केली?' या प्रश्नावर लोक एकमेकांकडे बघायला लागले, तर तुला उत्तर मिळालं.

तुझ्याकडून ते काय बघतील? भारी मशिन हाताळलं नाही म्हणून कचरू नकोस. एकच वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखायची चाचणी) दाखव, पण पूर्ण दाखव: लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये सारखंच प्रोटीन घातल्याचा पुरावा, आणि ज्या पेशींत ते प्रोटीन नसायलाच हवं त्यांची लेन. तिथेही बँड आला असेल तर अँटिबॉडी दुसरंच काहीतरी पकडते आहे. हे तू होऊन सांगितलंस तर समोरचे सावरून बसतील.

पैशांचं म्हणशील तर नीट भागतं. पीएचडीला बहुतेक ठिकाणी ई-13 या पगारश्रेणीचं 65 टक्के कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पूर्ण पगाराच्या 65 टक्के, असतं. कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून हातात साधारण 2,000 युरो येतात. खरी डोकेदुखी घराची आहे. शेअरिंगमधली खोली 500 युरोच्या आत मिळाली तर लगेच घे. संस्थेचं गेस्ट हाउस असेल तर पहिल्या दोन महिन्यांसाठी आत्ताच मागून ठेव, कारण पत्त्याची नोंद झाल्याशिवाय पुढचे कागद हलत नाहीत. व्हिसा कोणता ते संस्थेकडून लेखी घे. नोकरीच्या करारावर संशोधकाचा व्हिसा मिळाला तर पगारच पुरावा होतो. विद्यार्थी व्हिसावर आलीस तर नोव्हेंबर 2022 पासून आपल्या लोकांना साधारणपणे एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे पदवीची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं आणि त्याला वेळ लागतो, शिवाय खर्चाची सोय दाखवावी लागते.

जर्मन न येताही लॅबमध्ये अडत नाही. घरमालक, डॉक्टर, सरकारी पत्रं यांच्यापाशी मात्र अडतं. ए-2 पर्यंत, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरतं, पुण्यातच शिकून ये, मॅक्सम्युलर भवन आहेच.

आणखी एक गोष्ट, जी मुलाखतीत कोणी आपणहून सांगत नाही. इथल्या विद्यापीठांत आणि सरकारी संशोधन संस्थांत ठरावीक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टला कायद्याने मर्यादा आहे: साधारणपणे पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं. कायमच्या जागा थोड्या आहेत. म्हणून पहिलं कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं आणि वाढवून द्यायचा निर्णय कोणाच्या हातात, हे सही करण्याआधी विचार. कागद आला की टक्केवारी आणि शेवटची तारीख मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू.