जर्मनीला निघालात? आधी पत्रपेटीवर नाव लावा

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले की जर्मनीला जाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि तुम्ही इनबॉक्स भरून टाकलात. निम्मे प्रश्न व्हिसाच्या अपॉइंटमेंटचे आहेत, ते दर आठवड्याला बदलतं, दूतावासाच्या वेबसाइटवरच बघा प्लीज. उरलेल्यातले पाच घेतलेत. मी तिकडे बारा वर्षं काढली, आधी श्टुटगार्टला मग लाइपझिगला, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बरंचसं ठेच लागून कळलेलं आहे.

ताई, म्युनिकला आयटीत जॉब मिळालाय, अडीच महिन्यांनी जॉइन व्हायचंय. पहिला महिना कंपनी राहायची सोय करतेय, पुढे घर मीच शोधायचं. यूट्यूबवर इतके व्हिडिओ बघितलेत की डोकं भणभणतंय. तयारी नक्की कशाची करू?

व्हिडिओ बंद कर आधी. तिकडे सगळ्याचं मूळ एकच आहे, आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेलास की दोन आठवड्यांत महापालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी 'हा माणूस माझ्याकडे राहायला आलाय' असा घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, नुसता करार दाखवून भागत नाही. म्हणून कंपनीला आजच मेल टाक की तुम्ही देताय त्या पत्त्यावर नोंदणी करता येते का आणि तो कागद कोण देणार. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, आणि तो यायच्या आत पगार निघाला तर सगळ्यात चढ्या दराने टॅक्स कापतात. परत मिळतो तो, पण पहिला महिना डोळ्यात पाणी आणतो.

त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तो चौकशीखातर नसतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सदस्य असाल तर चर्च टॅक्स लागतो, बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, इन्कमटॅक्सच्या ८ टक्के, बहुतेक राज्यांत ९. बाकी बहुतेकांना काही नाही, पण वाचकांत ख्रिश्चन मंडळी आहेत म्हणून सांगून ठेवते, एकदोघांना पगाराची स्लिप बघून कळलं होतं.

आता पत्रपेटी. बहुतेक इमारतींत फ्लॅट नंबर नसतोच, दारावरच्या बेलवर आणि खालच्या पत्रपेटीवर आडनाव असतं, पोस्टमन ते वाचून पत्र टाकतो आणि नाव सापडलं नाही तर परत नेतो. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं, मी रोज बँकेला फोन करून भांडत होते, ते रोज 'आम्ही पाठवलं' म्हणत होते, दोघंही खरं बोलत होतो. शेवटी पेटीवर आधीच्या भाडेकरूच्या नावावर मी कागदाचा तुकडा चिकटवला आणि आठवडाभरात सगळं यायला लागलं. तिकडे बरंच काही अजून पोस्टाने येतं, कार्डाचा पिन, इन्शुरन्सचं कार्ड, आणि रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र. ती वर्गणी घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे, घरात टीव्ही असो वा नसो. टीव्ही नाही म्हणून ते पत्र फेकून देणारे भेटतात, मग दंडासकट भरतात.

घर शोधताना दोन शब्द पाठ कर, काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग वगैरे धरून. लाइटबिल बहुतेक वेळा त्यातही नसतं. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिप्पट, त्याहून जास्त मागता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुला कायद्याने हक्क आहे, मालक आपणहून सांगणार नाही. घर रिकामं म्हणजे खरंच रिकामं असतं हां, कित्येकदा किचनचा ओटा पण नाही, छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा पाठवू नकोस, 'मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो' म्हणणारा प्रत्येक मालक चोर असतो.

ताई, आम्हाला श्टुटगार्टजवळ येऊन चार महिने झाले. खालच्या मजल्यावर एकट्या आजी राहतात. गेल्या रविवारी मी व्हॅक्यूम क्लीनर लावला आणि मग काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या कंटेनरमध्ये टाकून आले, तर परत येईपर्यंत दारावर चिठ्ठी. त्याआधी पण एकदा जिन्यावरून बोलल्या होत्या. नवरा म्हणतो दुर्लक्ष कर. मला आता जिना उतरायला भीती वाटते. हा वर्णद्वेष आहे का?

तुझ्या पत्रावरून तरी मला तो रविवार वाटतोय.

हे गमतीने म्हणत नाहीये. रविवार तिकडे राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेत एक कलम होतं की रविवार आणि सरकारी सुट्ट्या हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील, आणि १९४९ ची घटना लिहिताना ते कलम तसंच्या तसं आत घेतलं. म्हणून दुकानं बंद, स्टेशनवरची आणि पेट्रोल पंपावरची काय ती उघडी, म्हणून ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही, आणि बाटल्या तर नाहीच नाही, कंटेनरवर वेळा लिहिलेल्या असतात बघ. रोजचं म्हणशील तर रात्री १० ते सकाळी ६ शांतता, काही इमारतींत दुपारी पण, ते घराच्या नियमावलीत असतं जी करारासोबत मिळते आणि जी आपण कुणीच वाचत नाही.

माझी गोष्ट सांगते. श्टुटगार्टच्या पहिल्या घरी एक दिवस दाराच्या हँडलला एक पाटी लटकवलेली दिसली. मला वाटलं कसली तरी जाहिरात, मी ती काढून ड्रॉवरमध्ये टाकली. पुढे तीन आठवडे इमारतीतले लोक माझ्याकडे असे बघायचे की जणू मी कुणाचं तरी मांजर मारलंय. शेवटी शेजारच्या बाई बादली घेऊनच आल्या. ती पाटी केअरवोखची होती, म्हणजे त्या आठवड्यात जिना झाडायची पुसायची पाळी तुमची, झाली की पाटी पुढच्या दाराला लावायची. माझ्या ड्रॉवरपाशी अख्ख्या इमारतीची साफसफाई अडकून बसली होती! बाईंनी मला वरच्या पायरीपासून खाली कसं पुसत यायचं ते करून दाखवलं, अजिबात हसल्या नाहीत, चहा पण घेतला नाही. आणि त्याच बाई नंतर सात वर्षं माझी पार्सलं घेऊन ठेवायच्या. मला फार उशिरा समजलं की ज्या दिवशी त्यांनी मला झापलं त्या दिवशी त्यांनी मला इमारतीत धरलं होतं. पाहुण्याला कोणी जिना पुसायला लावत नाही.

पण नवऱ्यासारखं दुर्लक्ष करू नकोस आणि सगळं गोडही मानू नकोस. वर्णद्वेष तिकडे आहे. मला फोनवर 'या की घर बघायला' म्हणून दारात चेहरा बघितल्यावर 'आत्ताच गेलं हो घर' ऐकायला लागलंय, एकदा नाही. ओळखायचं कसं, तर नियम सगळ्यांना सारखा लागतो का ते बघ. वरच्या जर्मन मुलाने रविवारी ड्रिल लावलं तर आजी त्यालाही चिठ्ठी लावतात का? लावत असतील तर आजी तशाच आहेत. तुझ्यावरच डोळा असेल, किंवा विषय आवाजावरून तू कुठली आहेस यावर गेला, तर मग ते वेगळं, तेव्हा तारीख-वेळ लिहून ठेव. २००६ पासून भेदभावाविरुद्ध कायदा आहे आणि केंद्र सरकारचं सल्ला देणारं कार्यालय पण आहे, फुकट.

तोवर एक कर. एखाद्या साध्या वारी, संध्याकाळी सहाच्या आत, जाऊन बेल वाजव आणि सरळ विचार की आवाजाच्या वेळा मला नीट कळल्या नाहीत, सांगाल का. मोडकंतोडकं चालेल. माझी पैज आहे, आजी तुला अर्धा तास सोडणार नाहीत.

नवऱ्याला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा तिकडे राहून काम करायचा परवाना, मिळतंय, मी इथली नऊ वर्षांची नोकरी सोडून त्याच्याबरोबर जाणार आहे. जर्मन येत नाही. सगळे म्हणतात इंग्लिशवर आरामात चालतं. खरं सांगा.

नवऱ्याचं चालेल. ऑफिसात चालतं, जिन्यात चालत नाही, आणि पहिलं वर्ष तू जिन्यात असणार आहेस.

ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए वनची, म्हणजे जर्मनच्या सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा लागत नाही, आणि काम करायला पहिल्या दिवसापासून परवानगी असते. ही सवलत आहे खरी, पण तिच्यामुळेच बऱ्याच जणी भाषा न शिकता जातात आणि तिथे जाऊन गप्प होतात. तू हुशार बाई आहेस, मीटिंगा चालवल्यास, आणि अचानक पोस्टात 'हे पाकीट पाठवायचंय' एवढं बोलता न येणं म्हणजे काय असतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी एकदा पोस्टाच्या रांगेतून माझा नंबर आला तेव्हा बाहेर निघून आले होते. म्हणून जायच्या आधी ए वन कर, तिकडे गेल्यावर फोक्सहोखशूलमध्ये नाव घाल, जवळपास प्रत्येक गावात असते, लोकांसाठी चालवलेली शाळा, भाषेपासून शिवणकामापर्यंत सगळं, खाजगी क्लासपेक्षा बरीच स्वस्त.

मैत्रिणींचं विचारलं नाहीस पण विचारशील. तिकडे ओळख रस्त्यावर होत नाही, फेरआइनमध्ये होते, म्हणजे मंडळ म्हण, गाण्याचं, पळण्याचं, बुद्धिबळाचं, बागेचं. दर मंगळवारी तीच बारा माणसं भेटतात, सहा महिने कोणी विशेष बोलत नाही आणि मग एक दिवस कोणीतरी म्हणतं, आपण आता 'डू' म्हणूया. 'झी' म्हणजे अहोजाहो आणि 'डू' म्हणजे अरेतुरे, हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही, फरक एवढाच की तिथे ते चक्क बोलून ठरवतात आणि सहसा वयाने मोठा असेल त्याने सुचवायचं असतं. भेटायचं ठरलं की कॅलेंडर काढून तीन आठवड्यांनंतरचा शनिवार देतील, टाळतायत असं समजू नकोस. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी चुकूनही देऊ नकोस, अपशकुन मानतात, माझ्या एका कलीगचा चेहरा खरंच पांढरा पडला होता.

कालेर्वो ओबेर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये कल्चर शॉकवर एक लेख लिहिला, त्यात आधी मधुचंद्राचा काळ, मग सगळ्याचा राग यायचा काळ, मग हळूहळू सावरणं असे टप्पे आहेत. इतकं शिस्तीत कुणाचं होत नाही. पण रागाचा काळ येतो, आणि तो नेमका नोव्हेंबरात येतो जेव्हा साडेचारला अंधार पडतो. तेव्हा 'मी नोकरी सोडायला नको होती' असं वाटेल. त्या आठवड्यात कुठलाही मोठा निर्णय घेऊ नकोस. आणि घराच्या करारावर तुझं नाव आणि तुझं स्वतःचं बँक खातं, हे दोन पहिल्या महिन्यातच.

माझा जर्मन मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, 'हे चुकीचं आहे, परत कर.' मी रात्रभर झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कॉफी प्यायला चल म्हणतो! हे काय आहे?

कॉफी आहे, पिऊन ये.

तो काम चुकीचं म्हणाला, तू चुकीचा असं नाही. आपण नमनाला घडाभर तेल घालतो, 'खूप छान झालंय, फक्त एक छोटंसं' वगैरे, ते तेल तिकडे कोणी ओतत नाही आणि आपण ओतलं तर मुद्दा काय तेच त्यांना कळत नाही. कौतुकाची वाट तर बघूच नकोस, श्वाबियन लोकांत, म्हणजे श्टुटगार्टच्या बाजूच्या, म्हणच आहे की रागावलो नाही म्हणजे पुरेसं कौतुक केलं. उलट तुला जमणार नसेल तर पहिल्याच दिवशी 'जमणार नाही' म्हण. 'करतो, बघतो' म्हणून शेवटच्या दिवशी हात वर केलेस तर मात्र खरंच माणूस म्हणून नापास होशील.

मुलगा मास्टर्सला जातोय. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरायला सांगितलेत, ही फी आहे का? फी नाही असं ऐकलं होतं. आणि तो एकटा आजारी पडला तर? मला रात्री झोप नाही.

काकू, ती फी नाही, त्याचाच राहण्याखाण्याचा पैसा आहे. वर्षाचा आधी भरायचा आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो त्याला मिळतात, एकदम काढता येत नाही. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही, थोडी सेमिस्टरची वर्गणी असते, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्या बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात आणि म्युनिकची टेक्निकल युनिव्हर्सिटी पण आता फी घेते, तेव्हा शहर कुठलं ते बघा.

आजारपणाचं, इन्शुरन्स असल्याशिवाय अ‍ॅडमिशनच होत नाही. त्याच्या फोनमध्ये दोन नंबर टाकून द्या, जिवावरचं असेल तर ११२ आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण इमर्जन्सी नाही तर ११६११७. साध्या सर्दीतापाला डॉक्टर गोळ्यांची पिशवी देत नाहीत, गरम चहा पी आणि झोप म्हणतात, तो चिडून फोन करेल, करू द्या.

आणि फोन रविवारी दुपारी करत जा काकू. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. दुकानं बंद असतात, व्हॅक्यूम लावता येत नाही, घरीच असेल तो.