लंडनला अभिलेखागाराचं काम आणि फिरणं: रविवारचं आधी लेखी घ्या

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मुंबई इलाख्याच्या महसुली कागदांसाठी तीन आठवडे लंडन, आणि मार्गदर्शकांनी आधीच बजावलंय की 'फिरायला चालली नाहीयेस'. संग्रहालयं, नाटक यांना वेळ काढावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर काढा. फक्त चोरून काढू नका.

व्हिसा, विमा, रीडर पास यांची माहिती सगळीकडे मिळते, ती सोडून देते. निघण्याआधी करायचं एकच काम सांगते. ग्रंथालय (म्हणजे तुमच्यासाठी ब्रिटिश लायब्ररी) बंद असलेले दिवस दौऱ्याच्या कार्यक्रमात स्पष्ट लिहा आणि तो कार्यक्रम मंजूर करून घ्या.

मी निघाले तेव्हा आमच्या विद्यापीठातल्या एका विभागानं तोंडी सांगितलं होतं, "मॅडम, रविवारचं काही लिहू नका, सगळे असंच करतात." परत येऊन देयक सादर केलं, तर त्याच विभागानं माझ्या दिनक्रमातल्या प्रत्येक रविवारभोवती लाल शाईनं गोल काढला आणि समासात लिहिलं, 'ग्रंथालय बंद. सदर दिवशी कामकाज काय?' खुलासा दिला. मग दुसरी त्रुटी निघाली. रेल्वेभाड्याचा पुरावा म्हणून जोडलेल्या बँकेच्या उताऱ्यात ग्लोब थिएटरच्या तिकिटाची नोंद होती. त्या रकमेची मी मागणीच केली नव्हती. तरी तिच्यापुढे 'करमणूक' असा शेरा पडला आणि सगळी कर्तव्य रजाच फेरतपासणीला गेली. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, दैनिक भत्ता अडकला, आणि खोलीच्या भाड्यासाठी पतपेढीतून काढलेल्या कर्जाचं व्याज मात्र दरमहा पगारातून कापलं जात होतं. तोंडी सल्ल्याची आठवण करून दिली तर उत्तर आलं, "लेखी आहे का?" आजही हे लिहिताना संताप होतो. दिवसभर कागद उपसणाऱ्या माणसानं संध्याकाळी नाटक पाहिलं म्हणून त्याचं काम खोटं ठरतं का?

म्हणून अर्जात लिहा, 'ग्रंथालय बंद असलेल्या दिवशी मुक्काम, वैयक्तिक खर्च स्वतः करणार.' त्या दिवसांचा भत्ता मिळेल की नाही, हेही लेखी विचारा. अर्ज आवक करून क्रमांक घातलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात, तेव्हा माझं म्हणणं अंतिम मानू नका. पण कागद हातात हवाच.

आता फिरण्याबद्दल. ब्रिटिश लायब्ररीच्या वाचनकक्षांना रविवारी सुट्टी असते, आणि लंडनच्या क्यू भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार रविवार-सोमवार बंद असतं. आठवड्याची घडी यावरच बसवा. शुक्रवारी संध्याकाळी ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट उशिरापर्यंत उघडी असतात आणि कायमस्वरूपी दालनांना तिकीट नाही. रोज संध्याकाळी काहीतरी 'उरकायचं' ठरवलं तर दुसऱ्या दिवशी वाचनकक्षात डोळे मिटतात. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि रविवार पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्गदर्शकांना हेही सांगा की तुमच्या बाबतीत ही दालनं विषयाबाहेरची नाहीत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला टिपूचा वाघ, म्हणजे टिपू सुलतानाचा गोऱ्या शिपायावर झडप घालणारा लाकडी यांत्रिक वाघ, पूर्वी लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये होता, म्हणजे कंपनीचा कारभार जिथून चालायचा त्याच इमारतीत. कंपनीचं इंडिया म्युझियम १८७९ मध्ये मोडलं आणि वस्तू वाटल्या गेल्या. दप्तर मात्र इंडिया ऑफिसकडे, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याकडे राहिलं. ते आता ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि तेच तुम्ही मागवणार आहात. वाघ पाहिल्यावर ही सत्ता म्हणजे माणसं होती हे कळतं. नुसत्या महसुली आकड्यांतून ते कळत नाही.

एक रविवार चॉक फार्म स्टेशनवर उतरून १० किंग हेन्रीज रोडला चालत जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनानं ते घर विकत घेतलं. ते स्वतः इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात बसून वाचायचे. तिथून परत येऊन सोमवारी गठ्ठा उघडताना माझी पाठ दुखायची थांबली नव्हती, पण कंटाळा गेला होता.

कामाबद्दल थोडंसं. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची मागणीव्यवस्था बराच काळ विस्कळीत होती, म्हणून सध्याची स्थिती संकेतस्थळावर पाहूनच यादी करा. काही साहित्य यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पाहून येतं. ते पहिल्याच दिवशी मागवा, म्हणजे वाट पाहण्यात कामाचे दिवस जाणार नाहीत. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढायची परवानगी असेल तिथे प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला फोटो क्रमांकाच्या चिठ्ठीचा काढा, नाहीतर घरी आल्यावर 'आयओआर/पी' (इंडिया ऑफिसच्या दप्तरातली कामकाजाच्या नोंदींची मालिका) मधलं नेमकं कुठलं पान, हे शोधता शोधता महिने जातील. आणि नुसते फोटो काढून 'नंतर वाचू' म्हणू नका. रोज शेवटचा तासभर तिथेच बसून वाचा. कुठला शब्द लागत नाही, कुठली पुरवणी मागवायला हवी, हे तिथे असतानाच कळतं.

क्यूसाठी मंगळवार किंवा गुरुवार धरा, त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत बसता येतं. डबा सोबत न्या. ब्रिटिश लायब्ररीत मोडी कागद लागणार असतील तर ब्लुमहार्ट यांनी केलेली ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी हस्तलिखितांची १९०५ ची सूची इथूनच चाळून जा. क्रमांक हातात असले की तिथला पहिला दिवस वाचतो.